सावलीतले रोप



खापरखेड्याच्या क्वार्टर्समध्ये घरभेटी देताना एक गोष्ट नेहमी दिसते. समोरच्या अंगणात ऊन असते, तिथे झेंडू, तुळस, सब्जा जोमात असतात. मागच्या बाजूला भिंतीची नाही तर झाडाची सावली. एका घरी मावशींनी सब्जा मागेही लावला होता. तो नुसताच उंच, किडकिडीत झाला होता, मंजिऱ्या जेमतेम. "फादर, बी तेच, पाणी तेच, पण हे रोपच आळशी आहे," मावशी म्हणाल्या. आणि सहज पुढे म्हणाल्या, "आमच्या धाकट्यासारखं." धाकटा दारातच उभा होता.

रोप आळशी नव्हते. सब्जाला दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन हवे. ते मिळाले नाही की तो उजेडाच्या शोधात लांबत जातो आणि त्यातच त्याची शक्ती संपते. उलट, काही रोपांना सावलीच मानवते. निळा वुड्रफ नावाचे एक सुगंधी रोप पश्चिम आशिया आणि कॉकेशसकडचे. उंची वीत-दीड वीत, दांड्याभोवती चक्रासारखी पाने, शेंड्याला बारीक निळ्या फुलांचे झुपके, आयुष्य एकाच हंगामाचे. ओलसर माती आणि विरळ सावलीत ते फुलते. कडक उन्हात कोमेजते. आपल्याकडे लावायचेच तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरून थंडीतच वाढवावे लागेल. नागपूरचा उन्हाळा त्याला सोसणार नाही.

मग माणसाला कोणत्या मापाने मोजावे? सर्वांना एकच माप म्हणजे न्याय, असे आपल्याला वाटते. ॲरिस्टॉटलने पैलवान मिलोचे उदाहरण दिले आहे. जो खुराक मिलोला कमी पडेल, तोच नवशिक्याला जास्त होईल. योग्य काय, हे माणूस पाहूनच ठरते. आपल्या ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही सांगतो की अज्ञान, भीती, सवयी अशा कारणांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते.

कोणी म्हणेल, "फादर, ही तर पळवाट झाली! मग प्रत्येक जण सावलीचे कारण सांगेल." शंका रास्त आहे. तालांतांचा दाखला आठवा. एक तालांत मिळालेल्या चाकराला धन्याने दोष दिला, पण पाच का कमावले नाहीस म्हणून नव्हे. मिळालेले जमिनीत पुरून ठेवले म्हणून. आणि दोनाचे चार करणाऱ्याला पाचाचे दहा करणाऱ्याइतकीच शाबासकी मिळाली, शब्दही तेच. म्हणजे सावलीतल्या रोपालाही फुलायचे आहेच. फक्त दुसऱ्याच्या फुलांनी त्याचा हिशेब होत नाही.

आणखी एक गोष्ट माळ्याने स्वतःला विचारायची आहे. ही सावली कोणाची? कधी ती भिंतीची असते, परिस्थितीची असते. पण कधी थोरल्याचे कौतुक इतके उंच वाढते की धाकट्यावर ऊनच पडत नाही. ती सावली आपण पाडलेली असते आणि ती आपल्यालाच दूर करावी लागते.

मावशींनी पुढे ती कुंडी समोर आणून ठेवली. कुंडी हलवणे सोपे आहे. या आठवड्यात आपल्या घरातल्या एका माणसाची एक चांगली गोष्ट त्याला सांगू या, दुसऱ्या कोणाचे नाव न घेता.

प्रभू येशू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

— तुमचे फादर