पन्नास शपथा

नोव्हेंबर 1996 मध्ये अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, पोलिसांच्या हाती लागल्या. 1990पासून या तिघी लहान मुले पळवीत होत्या. जत्रा, देवळे, बसस्थानके अशा गर्दीत पाकिटे आणि दागिने चोरायचे आणि त्या वेळी कडेवर मूल ठेवायचे. मूल घेतलेल्या बाईचा संशय येत नाही, आणि पकडली गेली तरी लोक दया येऊन तिला सोडतात. मूल रडू लागले किंवा ओझे वाटू लागले की त्याचा जीव घेतला जाई. 13 मुलांच्या अपहरणाचा खटला कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात चालला. त्यांपैकी किमान पाच खून सर्वोच्च न्यायालयापर्यंत शाबीत राहिले. अंजनाबाई खटल्यापूर्वीच तुरुंगात मरण पावली.

वाचकहो, त्या तिघींचा हिशेब अल्लाहच्या दरबारात आहे. तो मांडण्याचे काम आपले नाही. विचार करायचा आहे तो त्या सहा वर्षांचा. एवढी मुले नाहीशी होतात आणि कोणाला कळत नाही, हे घडते कसे?

याचे उत्तर मुलांच्या घरांकडे पाहिले की मिळते. त्यांतील अनेक मुले भिकाऱ्यांची, रस्त्यावर राहणाऱ्यांची होती. अशी आई रडत पोलीस ठाण्यात गेली तर तिचे कोण ऐकणार? अखेर गुन्हा उघडकीस आला तो अंजनाबाईच्या नवऱ्याच्या दुसऱ्या पत्नीमुळे. तिची थोरली मुलगी नाहीशी झाली होती आणि आता धाकटीवर डोळा होता. त्या आईला घर होते, पत्ता होता, आणि संशय कोणावर आहे ते ती नाव घेऊन सांगू शकत होती. 1960च्या दशकात मुंबईत रामन राघव इतके दिवस मोकळा राहिला, त्यामागेही हेच होते. त्याने मारलेली माणसे पदपथांवर आणि झोपड्यांत झोपणारी होती.

खुनी सापडला नाही तर जबाबदार कोण, हा प्रश्न इस्लामी फिकहने फार पूर्वी हाती घेतला आहे. त्या प्रकरणाला ‘कसामा’ म्हणतात. एखाद्या मोहल्ल्यात खून झालेला मृतदेह सापडला आणि मारणारा कळला नाही, तर हनफी मतानुसार मृताच्या वारसांनी त्या वस्तीतील पन्नास माणसे निवडावीत. प्रत्येकाने अल्लाहची शपथ घेऊन सांगावे की मी मारले नाही आणि मारणारा कोण हेही मला ठाऊक नाही. (कोकणातील आपल्या शाफई बंधूंच्या मजहबात कसाम्याची रीत वेगळी आहे, तेथे संशयाला सबळ आधार असेल तर शपथा प्रथम फिर्यादी पक्षाने घ्यायच्या असतात.) सामान्य न्यायबुद्धी म्हणेल, शपथ घेतली, निर्दोष ठरले, घरी जावे. परंतु हनफी फिकहमध्ये शपथेनंतरही त्या वस्तीवर दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, लागू होते. यासाठी हजरत उमर (रजि.) यांच्या निर्णयाचा आधार घेतला जातो.

ज्यांनी मारले नाही त्यांच्याकडून भरपाई का? फुकहा याचे कारण सांगतात की वस्तीचे रक्षण वस्तीवर होते आणि त्यात कसूर झाली. ‘मला ठाऊक नव्हते’ ही शपथ त्यांना खुनाच्या आरोपातून सोडवते. राखणीच्या कर्तव्यातून मात्र ती सोडवीत नाही. आपल्या रोजच्या बोलण्यात हा भेद पुसला गेला आहे. ठाऊक नव्हते म्हटले की आपण हात झटकतो. आणि कोणी फार छेडले तर तकदीरचे नाव घेतो, जणू तकदीरवरील ईमान शेजाऱ्याची चौकशी न करण्यासाठीच दिले गेले आहे.

मग ज्या मुलाला मोहल्लाच नाही, त्याच्यासाठी ते पन्नास जण कोठून आणायचे? त्याचा मोहल्ला म्हणजे बसस्थानक, बाजार, जत्रेचे मैदान. म्हणजेच तेथून जाणारे येणारे आपण सर्व.

मृताचे वारस नसतील तर त्याचा वली शासनकर्ता, हाही फिकहचा नियम आहे. हा वली कसा वागला पाहा. दोघी बहिणींची फाशी 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, 2014 मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, आणि जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. दयेच्या अर्जांवर शासनयंत्रणेने लावलेला वर्षानुवर्षांचा विलंब हे त्याचे कारण. फाशी व्हावी की नाही यावर मतभेद असू शकतो. पण मुले जिवंत असताना ज्यांची तक्रार रेंगाळली, त्यांची फाइल मेल्यावरही रेंगाळली, यावर मतभेद कसला?

नाशिकहून त्र्यंबकेश्वर सोडून पश्चिमेला उतरले की मोखाडा लागतो, पुढे जव्हार. गावित मायलेकींची चोरी-अपहरणे चालू होती त्याच काळात, 1992 मध्ये, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने शंभराहून अधिक बालके दगावली. तेथे कोणी खुनी नव्हता, आणि दोन्ही घटना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरी मुलांमागून मुले गेली आणि बाहेरच्यांना पत्ता लागला तो फार उशिरा, हे दोन्हीकडे सारखेच आहे. सूरह तकवीरमध्ये कयामतच्या दिवसाचे चित्र आहे. तेथे जिवंत पुरलेल्या मुलीलाच विचारले जाईल की कोणत्या गुन्ह्यासाठी तिला मारले गेले. दुनियेत जिला कोणी विचारले नाही, तिची साक्ष त्या दिवशी घेतली जाईल.

आजही दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबे बिऱ्हाड बांधून भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात. मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर राहते आणि मूल भट्टीवर. त्या बाजारांत ज्यांची दुकाने आहेत, त्या रस्त्यांवर ज्यांच्या गाड्या चालतात, भट्ट्यांवर ज्यांचा व्यवहार आहे, त्यांत आपले वाचकही आहेत. किती मुले गेली आणि पावसाच्या तोंडी किती परत आली, हे त्यांना मोजता येईल. एखादे दिसले नाही तर त्याच्या आईला विचारता येईल, आणि ती पोलीस ठाण्यात जायला घाबरत असेल तर तिच्याबरोबर जाता येईल.