ईश्वराचे भय आणि सम्राटाचे फर्मान

प्रेम आणि भय या दोन तलवारी एका म्यानात राहत नाहीत, असा आधुनिक सुशिक्षिताचा सर्वसाधारण समज असतो. ज्याच्यावर प्रेम करावयाचे त्याला भ्यावयाचे कसे, हा त्याचा सवाल वरवर पाहता बिनतोडही वाटतो. ख्रिस्ती धर्मचिंतनापुढे मात्र हा सवाल बाहेरून आलेला नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात परिपूर्ण प्रीतीपुढे भीतीला ठाव उरत नाही असे प्रतिपादन आहे, आणि त्याच नव्या करारात पौल फिलिप्पैच्या मंडळीला आपल्या तारणाचे काम थरथरत्या अंतःकरणाने करावयास सांगतो. दोन्ही वचने प्रमाण मानली गेल्यामुळे त्यांपैकी एकाला निकालात काढण्याची सोय कोणालाच राहिली नाही, आणि पुढच्या विचारवंतांना भयाचेच पृथक्करण करणे भाग पडले.

त्यांच्या पदरी आलेला यहुदी वारसा तर विलक्षणच होता. सीनाय पर्वतावर मेघगर्जना व धूर यांच्यामधून बोलणारा परमेश्वर लोकांना पायथ्याशीच थोपवून धरतो. कराराचा कोश वाहून नेणारे बैल अडखळले म्हणून त्याला हात देऊन सावरू पाहणारा उज्जा जागच्या जागी गतप्राण होतो. ही दुसरी कथा नीतीच्या कोणत्याही तराजूत बसत नाही, आणि ती बसवून दाखविणाऱ्या भाष्यकारांचा युक्तिवाद मला तरी कधी पटलेला नाही. परंतु त्याच परंपरेत यशयाचे दर्शनही आहे. मंदिर धुराने भरून गेलेले पाहून आपण संपलो असे ज्याला वाटले, त्याच माणसाच्या ओठांना वेदीवरचा निखारा लावला जातो आणि त्याला संदेश देऊन लोकांकडे धाडले जाते.

या वारशाला विचाराची शिस्त प्रथम लावली ती उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा धर्माध्यक्ष ऑगस्टीन याने. योहानाच्या त्या पत्रावर इ. स. ४०७ च्या सुमारास दिलेल्या प्रवचनांत त्याने दोन स्त्रियांचा दृष्टांत योजला आहे. एकीचे मन परपुरुषावर जडलेले, म्हणून पती परत येईल की काय या विचाराने तिचा जीव धसकतो; दुसरी पतिनिष्ठ, तिला पती सोडून जाईल की काय याची धास्ती. नवऱ्याचे भय वाटते का, असे विचारले तर दोघीही होय असेच म्हणतील. आवाजात फरक नाही, फरक अंतःकरणात आहे. पहिलीचे भय शिक्षेचे, दुसरीचे वियोगाचे, आणि योहान ज्या भयाला हद्दपार करतो ते पहिले, असा ऑगस्टीनचा निर्वाळा. दुसऱ्याला त्याने निर्मळ भय म्हटले, आणि ते प्रेमाबरोबर ओसरत नसून प्रेमाबरोबर वाढते, कारण गमावण्यासारखे काही ज्याच्यापाशी आहे त्यालाच ते गमावण्याची चिंता असते. पंधराशे वर्षांच्या वादविवादात या भेदापेक्षा मूलगामी असे फारसे काही निघाले नाही.

सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जी नियमावली रचली तिच्यात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत. ईश्वराचे भय सतत डोळ्यांपुढे ठेवणे ही पहिली, आणि बाराही चढून गेलेला संन्यासी भयाला बाहेर घालवणाऱ्या प्रेमापर्यंत पोचतो. बाराव्या शतकातील बर्नार्डने दास, भाडोत्री चाकर आणि पुत्र अशा तीन अवस्था कल्पिल्या. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस याने तर भयाची जंत्रीच तयार केली. तिच्यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, दासाचे भयही मुळात वाईट नाही, वाईट आहे ते त्यातील दास्य, असे तो म्हणतो. आणि पुत्राचे भय स्वर्गातही टिकून राहते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

विद्वानांची ही सूक्ष्म श्रेणी देवळाच्या उंबरठ्याबाहेर कितपत पोचली? फ्रान्समधील ओतँ येथील महामंदिराच्या दारावर बाराव्या शतकात कोरलेला अंतिम न्यायाचा देखावा पाहात आत शिरणाऱ्या शेतकऱ्याला जे उमगत असे ते पहिल्याच प्रकारचे भय होते. प्रेतविधीत न्यायदिवसाचे लॅटिन स्तोत्र गाइले जाई; १३४७ नंतरच्या काळ्या महामारीने त्याला जिवंत प्रत्ययाची जोड दिली. अशा हवेत वाढलेला मार्टिन ल्यूथर १५०५ च्या जुलैत श्टोटर्नहाइम गावाजवळ विजेच्या कडकडाटाने हादरून संन्यास घेण्याचा नवस बोलतो, आणि पुढे कृपेच्या सिद्धांताने त्या धास्तीतून सुटका करून घेतो. परंतु त्याच ल्यूथरने १५२९ च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत आज्ञांची फोड करताना ईश्वराचे भय व प्रेम या जोडीनेच सुरुवात केली, भय वगळले नाही. सुटका झालेला माणूसही ते शिल्लक ठेवतो, यावरून ते निव्वळ दहशतीचे नाव नसावे हे उघड आहे. ८ जुलै १७४१ रोजी कनेटिकटमधील एनफिल्ड येथे जोनाथन एडवर्ड्सने क्रुद्ध ईश्वराच्या हातातील पाप्यांवर जे प्रवचन केले त्यात श्रोत्यांच्या आक्रोशामुळे त्याला मध्येच थांबावे लागले. पण पाचच वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथात त्यानेच बजावले की, नुसती घबराट ही ईश्वरी कृपेची खूण नव्हे. हे प्रवचन जगभर गाजले, ग्रंथ मात्र अभ्यासकांच्या कपाटात राहिला.

एकोणिसाव्या शतकातील उदार धर्मविचाराने भयाला बहुतेक रजाच दिली आणि ईश्वर हा सौम्य, समजूतदार, किंचित वृद्ध असा गृहस्थ होऊन बसला. त्याविरुद्ध जर्मन पंडित रूडॉल्फ ओट्टो याने १९१७ मध्ये पावित्र्यावरील आपल्या ग्रंथात फिर्याद मांडली: जे पवित्र ते कापवते आणि ओढूनही घेते, आणि यांतील एक अंग कापून टाकले की दुसरे निर्जीव होते. आपल्या म्हणण्याला त्याने भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायाची साक्ष काढली, ही मराठी वाचकाने मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी गोष्ट. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन प्रथम क्षमा मागतो ती कसल्या पापाची नव्हे, तर सखा समजून थट्टामस्करीत केलेल्या सलगीची. आमच्याकडे तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ताला माउली म्हणून आळवतात; त्या सलगीत उद्धटपणाचा लेश नाही, कारण तिच्या पाठीशी वारकऱ्यांचे लोटांगण आहे. लोटांगण वजा करून उरलेली सलगी आज अनेक ठिकाणच्या उपासनेत ऐकू येते, आणि तिच्याविषयी मला अर्जुनाचाच संकोच वाटतो.

परंतु या सर्व चर्चेत, ऑगस्टीनपासून ओट्टोपर्यंत, आत्मा आणि ईश्वर अशी दोनच पात्रे आहेत. तिसरे पात्र, म्हणजे राज्यकर्ता, मंचावर आणले की भयाचे निराळेच गुण दिसू लागतात. निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात फारो हिब्रू मुलगे जन्मताच मारण्याचा हुकूम सोडतो, आणि शिफ्रा व पुवा या दोन सुइणी तो मोडतात. कारण एवढेच दिले आहे की, त्यांना देवाचे भय होते. दुसऱ्या शतकात स्मुर्ण्याचा वृद्ध पॉलिकार्प रोमी सुभेदारापुढे ख्रिस्ताचा धिक्कार करावयास नाकारतो आणि जाळला जातो, त्याचेही बळ हेच. वरिष्ठांच्या नजरेने पांढरा पडणारा माणूस देवभीरू म्हणून मिरवतो तेव्हा त्याच्या भयाचा मालक कोण, ही शंका घेण्याचा अधिकार या सुइणींनी आपल्याला दिला आहे.

या भयाने गादीवरच्या माणसालाही गाठल्याचा दाखला आहे. ३९० मध्ये थेस्सलनीका येथे दंग्यात आपला सेनाधिकारी मारला गेला म्हणून सम्राट थिओडोसियसने नगरवासीयांची कत्तल करविली. थिओडोरेट हा पाचव्या शतकातील इतिहासकार मृतांचा आकडा ७,००० देतो. मिलानचा धर्माध्यक्ष अँब्रोज याने सम्राटाला खाजगी पत्र लिहून कळविले की, तुम्ही उपस्थित असताना मी वेदीवर अर्पण करू शकत नाही. ते पत्र आजही उपलब्ध आहे, आणि देवळाच्या दारात दोघांची समोरासमोर गाठ पडल्याचे जे नाट्यमय वर्णन पुढे रूढ झाले त्याहून ते अधिक विश्वसनीय आहे. सम्राटाने राजचिन्हे उतरवून सर्वांदेखत पश्चात्ताप केला, आणि त्या वर्षीच्या नाताळात त्याला पुन्हा सहभागिता मिळाली. थिओडोरेट पुढे सांगतो की, अँब्रोजच्या आग्रहावरून एक कायदाही झाला: देहदंडाचे फर्मान निघाल्यावर त्याची अंमलबजावणी तीस दिवस तहकूब ठेवावी, आणि ती मुदत सरून राग निवळला म्हणजे कारकुनांनी तो कागद फेरविचारासाठी पुन्हा सम्राटापुढे रुजू करावा.