दयाळू माणूस म्हणजे हळवा माणूस का?

साने गुरुजींचे नाव निघाले की आपल्यापैकी अनेकांना आधी रडणे आठवते. ‘श्यामची आई’ वाचताना आपण रडलो, आपल्या आईवडिलांनी आचार्य अत्र्यांचा 1953 सालचा चित्रपट पाहून डोळे पुसले. त्यामुळे गुरुजी म्हणजे भाबडे, हळवे लेखक असा शिक्का बसला. दयाळू माणसाविषयी आपण असेच बोलतो: माणूस चांगला, पण व्यवहारात चालायचा नाही. (प्रत्येक गावात असा एखादा काका असतोच!) हा शिक्का खरा आहे का, ते आज थोडे पाहू या.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. मुलांनी पसरून ठेवलेली अंथरुणे ते स्वतः आवरत, खोल्या झाडत, मळके कपडे धुऊन टाकत, आणि त्याविषयी बोलून दाखवत नसत. छडी उगारणे त्यापेक्षा कितीतरी सोपे होते. आपण घरात मुलांवर ओरडतो तेव्हा आपल्याला हे ठाऊकच असते.

‘श्यामची आई’ त्यांनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातला एक प्रसंग आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. एका दलित म्हातारीच्या डोक्यावरची लाकडांची मोळी खाली पडते. तिला शिवायचे नाही म्हणून कोणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर.

त्या आंघोळीपाशी आपण थांबले पाहिजे. त्या काळी, त्या गावात, एका ब्राह्मण बाईने मुलाला एवढे करायला सांगणे ही मोठीच गोष्ट होती. तिचे मन खरोखर द्रवले होते. तरीही मोळी उचलून झाल्यावर अंग धुवावे लागत होते. दया होती, पण म्हातारी होती तिथेच राहिली.

आपली दया पुष्कळदा अशीच असते. कामवाल्या बाईला आपण सणाला साडी देतो, मुलाच्या फीला हातभार लावतो, पण तिच्या चहाचा कप मात्र वेगळा ठेवतो. प्रभू येशूच्या दाखल्यातला शोमरोनी नुसते तेल ओतून पुढे गेला नाही. त्याने त्या जखमी माणसाला आपल्याच जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची काळजी घेतली.

मोळी उचलणारा श्याम मोठा झाला. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले, गावोगावी बोलले, आणि 1947 च्या मे महिन्यात त्यांनी पंढरपुरात उपोषण केले. सनातनी मंडळी रागावली. गुरुजींना माणसे दुखावणे मुळीच आवडत नसे, तरी ते मागे हटले नाहीत. अखेर मंदिर खुले झाले. आता आंघोळीचा प्रश्नच उरला नव्हता. ज्याला आपण हळवा म्हणतो त्या माणसाने हे केले, आणि आम्हांला वाटते, हळवा होता म्हणूनच केले. ज्याला म्हातारीचे ओझे दिसत नाही, तो तिच्यासाठी उपाशी कशाला राहील?

मात्र अशा मनाला किंमतही मोजावी लागते, हे लपवू नये. 11 जून 1950 रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, गुरुजींनी स्वतःचे जीवन संपवले. सगळ्यांचे दुःख वाहणाऱ्या माणसाला स्वतःचे दुःख पेलले नाही. एके काळी आपल्यातले लोकही अशा मृत्यूविषयी कठोर बोलत, अंत्यविधीही नाकारला जाई. 1992 साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ मात्र सांगतो की अशा माणसांच्या तारणाविषयी आशा सोडू नये. देवाला ठाऊक असलेल्या वाटा आपल्याला ठाऊक नसतात, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

म्हणून ‘श्यामची आई’ मिटून कपाटात ठेवताना आम्ही गुरुजींसाठी एक ‘आमच्या बापा’ म्हणतो.