कवेतले बाळ



आजचे शुभवर्तमान विवाहाच्या प्रश्नाने सुरू होते आणि लहान मुलांपाशी येऊन थांबते. बहुतेक वेळा आम्हा धर्मगुरूंचे प्रवचन पहिल्या भागातच संपते. म्हणून आज शेवटच्या चार वचनांविषयीच लिहितो. लोक मुलांना घेऊन येतात, शिष्य त्यांना दटावतात आणि येशू शिष्यांवर रागावतो. मग तो मुलांना कवेत घेतो. हा कवेत घेण्याचा तपशील या प्रसंगी फक्त मार्कने दिला आहे. लूकने येथे तान्ह्या बाळाचा ग्रीक शब्द वापरला आहे. एलिझाबेथच्या उदरात उडी मारणारे बाळ आणि गव्हाणीतले बाळ यांच्यासाठीही त्याने तोच शब्द योजला होता.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. संत थॉमस अक्वायनस त्याला नुसते 'तत्त्वज्ञ' म्हणतात, इतका त्याचा मान! पण याच ॲरिस्टॉटलने व्यंग असलेले मूल वाढवू नये असा कायदा असावा, असे लिहून ठेवले आहे. उलट 'दिदाखे' या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत नवजात बालकाला मारण्यास स्पष्ट मनाई आहे. त्यामागे कवेत घेणारा प्रभू होता.

आज आपण बाळ टाकून देत नाही. परंतु डाऊन सिंड्रोम असलेले, हृदयाला छिद्र असलेले किंवा दिवस भरण्याआधीच आलेले बाळ घरात जन्मले की आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? 'हे कोणाच्या घराण्यातून आले?' जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही पाप कोणाचे, असेच विचारले होते. येशूने तो प्रश्नच नाकारला. डाऊन सिंड्रोम बहुतेक वेळा पेशीविभाजनातील योगायोगाने होतो. त्यात सुनेचा दोष नाही, सासरचा नाही आणि पोटुशीपणी पाहिलेल्या ग्रहणाचाही नाही.

कवेत घेणे ही केवळ भावनेची गोष्ट नाही. 1978 साली कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सनाब्रिया यांच्यापुढे मोठी अडचण होती. इनक्युबेटर कमी होते, एकेका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत आणि जंतुसंसर्ग पसरत असे. त्यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू पिलाला पिशवीत वाढवते, तसे. लंगोट, टोपी आणि मोजे एवढेच अंगावर असलेले बाळ छातीवर उभे ठेवतात, मान एका बाजूला वळवतात आणि वरून कापडाने बांधतात. लहानग्याच्या अंगात चरबी कमी असते, ऊब टिकत नाही. आईची त्वचा ती पुरवते, शिवाय दूधही जवळच असते.

गरिबांची सोय म्हणून काही काळ याकडे पाहिले गेले. नंतर भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत साधारण 1 ते 1.8 किलो वजनाच्या बाळांचा अभ्यास झाला. जन्मल्याबरोबर ही ऊब मिळालेल्या बाळांत मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाले, असे 2021 साली जाहीर झाले. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागातच नेली होती. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाला 8 ते 24 तास ही ऊब देण्यास सांगते.

आपल्या धर्मग्रामातील कितीतरी भगिनी परिचारिका आहेत. रात्रपाळीत त्या काय करतात हे आपल्याला ठाऊक नसते. नळीने मिलिलिटर मोजून दूध देणे, लंगोटाचे वजन करणे, प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी हात धुणे. अपुऱ्या दिवसांचे बाळ मध्येच श्वास घ्यायचे विसरते. यंत्र वाजते, सिस्टर त्याचा तळपाय हलकेच चोळते आणि बऱ्याचदा तेवढ्याने बाळ पुन्हा श्वास घेते. मला तरी हे हात ठेवून आशीर्वाद देणाऱ्या प्रभूपासून फार दूरचे वाटत नाही.

आता घरच्यांविषयी. 8 तास बाळ छातीशी धरणारी आई भाकऱ्या कधी भाजणार? तेव्हा बाळ पाहायला जाताना सल्ले नेऊ नका, डबा न्या. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. आजींनो, मध आणि बाळगुटी राहू द्या. सहा महिने आईचे दूधच पुरे, आणि अंघोळ डॉक्टरांना विचारूनच घाला. वडीलमंडळींनो, बिलाची रांग संपली की शर्टाची बटणे उघडा आणि बाळाला छातीशी घ्या. बापाच्या छातीचीही ऊब चालते. संत योसेफ गोठ्यात हात बांधून उभा राहिला असेल असे मला वाटत नाही, चित्रकारांनी काहीही काढलेले असो.

शेवटी स्नानसंस्काराविषयी. हॉल मिळत नाही, मुंबईचे पाहुणे यायचे आहेत, म्हणून आजारी बाळाचा बाप्तिस्मा लांबवू नये. बाळाच्या जिवाला धोका असेल तर विलंब न करता तो द्यावा, असे धर्मसभेचा कायदा सांगतो. धर्मगुरू पोहोचू शकत नसेल तर ख्रिस्तसभेच्या हेतूने कोणीही, परिचारिकासुद्धा, तो देऊ शकते. बाळाच्या कपाळावर पाणी ओतावे आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार द्यावा. यंत्रांनी वेढलेल्या बाळाला पाण्याचे काही थेंब पुरतात, मात्र सिस्टरना विचारून. बाळ बरे होऊन घरी आले की उरलेले विधी चर्चमध्ये करू. बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नसतो. मला बोलवायचे असेल तर रात्री कितीही वाजता बंगल्यावर फोन करा, मी येईन.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू