बटण दाबून धरा

आमचे चिरंजीव आठवीत आहेत आणि मोबाईलवर पोकेमॉन नावाचा खेळ खेळतात. हा खेळ त्यांच्यापेक्षा वयानं बराच मोठा, म्हणजे 1996 साली जपानमध्ये निघालेला. पण हल्लीच्या मुलांना जुन्या वस्तूंचं भारी कौतुक. फक्त बाप जुना झालेला चालत नाही. या खेळात रानातले चमत्कारिक प्राणी चेंडू फेकून पकडायचे असतात. चेंडू फेकला की प्राणी आत जातो, चेंडू एकदा हलतो, दोनदा हलतो, तिसऱ्यांदा हलतो, आणि मग एक तर प्राणी आपला होतो, नाही तर बाहेर उडी मारून मोकळा होतो. परवा रविवारी पेपर वाचता वाचता माझी नजर गेली, तर चिरंजीवांनी पडद्यावरचं 'बी' बटण असं दाबून धरलं होतं की अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं.

"काय चाललंय हे?"

"शू! बी दाबून धरलं की प्राणी सुटत नाही."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे, बाबा."

सगळ्यांना माहीत आहे, हा पुरावा आमच्या बँकेत चालत नाही. तिथं म्हशीसाठी कर्ज हवं असेल तर म्हैस आहे हे सगळ्या गावाला माहीत असून भागत नाही, तिच्या कानातला बिल्ला बघावा लागतो. तेव्हा मी चौकशी केली. लोकांनी या खेळाचा सगळा हिशेब उलगडून ओळीन् ओळ तपासलेली आहे. ऑडिट म्हणतात ते हे! त्यात दिसतं ते असं, की चेंडू टाकल्याबरोबर यंत्र आकडेमोड करून टाकतं. प्राण्याची जात कोणती, त्याच्या अंगात जोर किती उरला, तो झोपलेला आहे का, चेंडू कुठल्या प्रतीचा, आणि वर थोडं नशीब. चेंडूनं किती वेळा हलायचं हेसुद्धा तेव्हाच ठरतं. पुढचं हलणं ही निव्वळ आपली करमणूक. बी बटणाचा त्या हिशेबात कुठंही शिक्का नाही.

हे मी मोठ्या विजयानं चिरंजीवांना ऐकवलं. त्यांनी खेळावरची नजर न काढता विचारलं, "मग मॅचच्या शेवटच्या ओव्हरला तुम्ही आईला सोफ्यावरून उठू का देत नाही?"

मी पुन्हा पेपर वाचायला घेतला.

खरं म्हणजे या बाबतीत मला बोलायला तोंडच नाही. 1993 च्या सुमाराची गोष्ट. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. आम्हाला स्वतःचा जिल्हा मिळाला तो 1 मे 1999 रोजी. आमच्या वर्गात एक राईस मिलवाल्यांचा मुलगा होता आणि त्याच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला होता. जपानी यंत्राची नक्कल, पण आम्हाला ती नक्कल आहे हे कळायला जपानी यंत्र कुठं बघितलं होतं? कॅसेट लागली नाही की ती काढायची, तिच्या तोंडात तीनदा फुंकायचं आणि परत घालायची. ती लागायची! फुंकरीवर आमची एवढी श्रद्धा, की मिलवाल्यांच्या पोराची फुंकर हलकी आणि माझी जड, असं वर्गात मान्य झालं होतं. पुढं कळलं की मूळ कंपनी, म्हणजे निन्टेंडो, स्वतःच सांगत होती की बाबांनो, फुंकू नका, ओलाव्यानं आतला धातू खराब होतो. काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळं. माझ्या आयुष्यातला पहिला नावलौकिक असा दमट निघाला.

पण त्याच घरात 'कॉन्ट्रा' नावाचा बंदुकीचा खेळ होता आणि त्याचा एक मंत्र होता. वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. सुरुवातीलाच हा क्रम न चुकता दाबला की तीन जीवांचे तीस जीव व्हायचे. आणि हा मंत्र, मंडळी, खरा होता! कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो नावाच्या गृहस्थांनी तो 1986 साली 'ग्रेडियस' या दुसऱ्या एका खेळासाठी तयार केला. खेळ तपासायचा त्यांनाच आणि तो त्यांनाच खेळता येईना, म्हणून स्वतःची सोय म्हणून ही चोरवाट ठेवली. ती तशीच राहिली आणि पुढं कंपनीच्या इतर खेळांतही आली. हाशिमोतो 2020 साली वारले. त्यांच्या एका सोयीवर गोंदियातल्या पोरांनी कितीदा तरी पुनर्जन्म घेतले, हे त्यांना कोणी कळवलं नसावं.

सगळा घोटाळा झाला तो इथं. हा एक मंत्र खरा निघाला आणि त्याच्या जामिनावर पन्नास खोटे मंत्र कर्ज घेऊन गेले. एक बटण चालतं म्हटल्यावर दुसरं चालत नाही, हे कोणत्या तोंडानं म्हणणार? चाललं नाही, तर बटण खोटं असं कोणीच म्हणत नसे. तुझं दाबायला उशीर झाला, असं म्हणत.

स्किनर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1948 साली आठ कबुतरांची हकीकत छापली आहे. पिंजऱ्यात ठराविक वेळानं दाणे आपोआप पडायचे. कबुतरानं काहीही केलं तरी पडायचे, काही नाही केलं तरी पडायचे. आठांपैकी सहा कबुतरांनी आपापलं एकेक बटण शोधून काढलं. एक गोल गोल फिरायला लागलं, एक कोपऱ्यात मुंडी खुपसायला लागलं. उरलेल्या दोघांचं काय झालं, हे विचारायचं माझं धाडस नाही. मी कॉमर्सचा माणूस.

माझ्या दहावीच्या निकालाच्या वेळी आईनं देव पाण्यात ठेवले होते. पेपर लिहून झाले, तपासून झाले, बेरजा झाल्या, गुणपत्रिका नागपूरहून निघाल्या, आणि इकडं आमच्या घरी बाळकृष्ण पितळी पातेल्यात गळ्यापर्यंत बुडून बसला. चेंडू केव्हाच फेकला गेला होता. आम्ही नुसतं त्याचं हलणं बघत होतो. बासष्ट टक्के पडले. त्यातले निदान दहा बाळकृष्णाचे, असं आईनं जाहीर केलं आणि त्याला कोरडं करून देव्हाऱ्यात ठेवलं. आज वाटतं, त्या आठ दिवसांत तिनं दुसरं करावं तरी काय? रिकामे हात फार जड असतात हो. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. पण पोराचं चुकतं असं म्हणवतं, कारण बी दाबण्याच्या नादात तो प्राण्याला आधी दमवतच नाही. खरा उपाय तोच आहे आणि त्याला कष्ट पडतात.

इथपर्यंत प्रश्न घरातला होता. आता बँकेतलं सांगतो.

मी रोज गोंदियाहून आमगावला अप-डाउन करतो. निराधारचे पैसे आले की आमच्या शाखेत दारापर्यंत रांग लागते आणि रांगेतला प्रत्येक माणूस अंगठ्याच्या यंत्रापुढं येतो. यात सालेकशाकडच्या एका आजी. जन्मभर विड्या वळल्या, पावसाळ्यात रोवणे केले. अंगठ्यावर रेघ म्हणून उरलेली नाही. त्या दिवशी यंत्र काही केल्या अंगठा घेईना.

"आजी," मी म्हणालो, "केसांना घासा आणि मग दाबा."

हे अगदीच खोटं नाही. कोरड्या अंगठ्याला थोडं तेल लागलं तर ठसा कधी कधी बरा उमटतो. पण त्या दिवशी लिंकच नव्हती. दहा मिनिटांपूर्वी गेली होती आणि हे मला ठाऊक होतं. रांगेत चाळीस माणसं. लिंक नाही म्हटलं असतं तर चाळीस माणसं माझ्यावर ओरडली असती. अंगठा घास म्हटल्यावर सगळे शांत झाले. आजींनी घासला, दाबला, पुसला, परत घासला. चौदा वेळा. मी मोजलं, मला मोजायची सवय आहे. तारेचा दोष, आणि आजी अपराध्यासारख्या आपल्या अंगठ्याकडं बघत होत्या. शेवटी रिकाम्या हातानं एसटीला गेल्या.

याला दया म्हणावं की लबाडी, हे मी त्या रात्री ठरवू शकलो नाही. आईला देव पाण्यात ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. आजींच्या हातात बटण मी दिलं होतं आणि ते माझ्या सोयीसाठी दिलं होतं. हाशिमोतोंनीही स्वतःची सोयच बघितली होती म्हणा, पण त्यांचं बटण चालायचं.

दुसऱ्या दिवशी आजी हजर. लिंक आली होती, अंगठा पहिल्या झटक्यात लागला. पैसे कनवटीला लावून त्या रांगेकडं वळल्या आणि म्हणाल्या, "पयले केसाले घासा, मंग दाबा. बाबूनं सांगतलं हाये." रांगेतले पस्तीस-चाळीस हात एकदम डोक्याकडं गेले.

मला राहवेना. मी खिडकीबाहेर मान काढून म्हणालो, "आजी, तुमच्या अंगठ्याचा काही दोष नव्हता. काल लिंकच नव्हती. मला माहीत होतं, मी बोललो नाही."

आजींनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. रागावतील असं वाटलं.

"असंन," त्या म्हणाल्या. "पण केसाले घासलं म्हणूनच लिंक आली ना गा."

मागच्या सोमवारी सकाळी कॉम्प्युटर उघडताना यंत्र माझंच बोट घेईना. एकदा, दोनदा, तीनदा. बाहेर रांग लागलेली. माझा हात आपोआप डोक्याकडं गेला, पण तिथं आता घासण्यासारखं काही शिल्लक नाही. शेजारी कॅशियर बसतात, त्यांचे केस दाट आहेत. त्यांनी नोटा मोजता मोजता, काही न बोलता, आपली मान माझ्याकडं झुकवली.