तू सखा आहेस म्हणून



आजचं वाचन गीतेच्या चौथ्या अध्यायातला तिसरा श्लोक. हा पटकन ओलांडून पुढे जायचा मोह होतो, कारण अवताराचे प्रसिद्ध श्लोक जवळच आलेले असतात. पण भगवंत इथे एक साधं कारण देतात. हा जुना योग तुलाच का सांगतोय? तर तू माझा भक्त आहेस आणि सखा आहेस. अर्जुनाची विद्या, त्याचं गांडीव, यातलं काहीच त्या कारणात नाही.

'भक्त' समजतं. 'सखा'पाशी मी आज थांबलो.

जरा मागे जाऊन पहिला अध्याय बघा. त्या पूर्ण अध्यायात कृष्ण एकदाच बोलतात, पंचविसाव्या श्लोकात, आणि तेही एवढंच की जमलेले हे कौरव बघ. पुढे अर्जुन बोलत राहतो, त्याचे हातपाय थरथरतात, शेवटी धनुष्य टाकून तो रथात बसून जातो. कृष्ण ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायात त्याला चांगलं खडसावतात, हेही खरं. पण आधी ऐकलं, मग खडसावलं. (आपल्या आयटीत कुणी अडचण सांगायला लागला की तिसऱ्या वाक्याला सोल्युशन तयार!)

अकरावा अध्याय तर कमालच आहे. विश्वरूप बघून अर्जुन घाबरतो आणि माफी मागतो, की मी तुला नुसता मित्र समजलो, जेवताना-बसताना तुझी थट्टा केली. आणि क्षमा कशी कर म्हणतो? बाप लेकाला करतो तशी, मित्र मित्राला करतो तशी! म्हणजे मैत्रीबद्दल माफी मागतानाही आधार मैत्रीचाच. ते विराट रूप जाऊन नेहमीचं माणसाचं रूप दिसतं, तेव्हा कुठे त्याचं मन ठिकाणावर येतं.

आता आपल्याकडे येऊ. बोरिवली-अंधेरी करणाऱ्यांना चौथी सीट सांगायला नको. बाक तिघांचा असतो, पण उभ्या माणसाने नुसतं बघितलं की तिघं सरकतात. आमच्या डब्यातल्या ग्रुपमधल्या एकाची गेल्या वर्षी नोकरी गेली. व्हॉट्सॲपवर ओपनिंगच्या लिंक्सचा पाऊस पडला, सोबत हात जोडलेले इमोजी. चांगलंच केलं सगळ्यांनी, लिंक्स लागतातच. पण त्याचा पास संपला आणि तो दिसेनासा झाला. डब्यात भजनाला टाळ धरणारे एक काका आहेत. ते संध्याकाळी बोरिवलीला उतरले की आठवड्यातून एक-दोनदा त्याच्याकडे चहाला जायला लागले. क्रिकेट, भाजीचे भाव, बस्स. तो मला नंतर म्हणाला, "त्या तीन महिन्यांत 'काय झालं रे पुढे?' असं न विचारणारे ते एकटेच."

पण नुसती सोबत पुरते का? इथे मला नामदेव महाराज आणि चोखोबा आठवतात, आणि सोपं उत्तर सापडत नाही.

नामदेव शिंपी, विठ्ठलाचे लाडके. चोखोबा महार, त्यांना देवळात प्रवेश नाही. दोघांचा जिव्हाळा असा की वारकरी परंपरा चोखोबांना नामदेवांचे शिष्य मानते. तरी ती माया तो दरवाजा उघडू शकली नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. परंपरा सांगते की नामदेव स्वतः तिकडे गेले, ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. स्वतःसाठीही त्यांनी गाभाऱ्याजवळची जागा मागितली नाही. त्याच महाद्वाराची पायरी मागितली. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून, असं आपण ऐकत आलोय आणि ते खरंच आहे. मला मात्र वाटतं, समोर चोखोबा होते, हेही त्यात असणार.

दरवाजा उघडायला मे १९४७ उजाडावा लागला, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे सहाशे वर्षं! म्हणून 'माझे सगळ्या जातींचे मित्र आहेत' असं म्हणून विषय संपतो, हे मला पटत नाही. भाड्याने घर देताना आधी आडनाव विचारणाऱ्या सोसायट्या आपल्या उपनगरांत आजही आहेत. तिथे आपला मित्र नाकारला गेला तर कमिटीच्या मीटिंगमध्ये आपण तोंड उघडतो, की त्याला दुसऱ्या ब्रोकरचा नंबर पाठवतो?

पंढरपूरला जाल तेव्हा दर्शनाच्या घाईत महाद्वारापाशी दोन मिनिटं थांबा. एकीकडे पायरी, समोर समाधी.

उद्या चौथा श्लोक. अर्जुन लगेच शंका काढतो, की सूर्य तर तुझ्या कितीतरी आधीचा, मग तू त्याला हा योग सांगितलास कसा?

राम कृष्ण हरी.