तांबडा दिवा



कीर्तनाला उभे राहणे मी थांबवले त्याला सहा वर्षे झाली. आवाज गेला, गुडघे गेले, बोलायची खोड मात्र गेली नाही, म्हणून हे लिहितो. विषय ऐकून माऊली हसतील. मोटारीचा ऑइल पंप घरी बदलल्याची ही हकीकत आहे. पण तीत माझ्या तोंडून एक वाक्य गेले, आणि ते अजून माझी पाठ सोडत नाही.

घरी जुनी चारचाकी होती. गावोगावच्या सप्ताहांना तिनेच मला वीस वर्षे नेले. आता फिरणे संपले, तेव्हा विकायची ठरली. शेजारच्या गावचे एक शिक्षक पाहून गेले, रक्कम ठरली, आठ दिवसांनी घेऊन जातो म्हणाले. तिसऱ्याच दिवशी बाजाराहून येताना काचेखाली तांबडा दिवा लागला, तेलाच्या झारीचे चित्र असतो तो. गाडी नातू चालवत होता. तो थांबू म्हणाला. मी म्हणालो, घर काय चार किलोमीटरवर आले आहे, चल. ही पहिली चूक, आणि ती माझी.

अंगणात आल्यावर त्याने कांडी काढून पाहिली. ऑइल पुरेसे होते. "आजोबा, हा दिवा ऑइल कमी झाल्याचा नाही. ऑइल खाली आहे पण वर चढत नाही, दाब नाही, त्याचा आहे." पोरगा आयटीआय झालेला आहे, त्याने मला समजावले. इंजिनाच्या पोटाशी चेंबर असते, त्यात ऑइल साठते. पंप ते जाळीतून ओढून फिल्टरमधून क्रँकच्या बेअरिंगांना आणि पार वरपर्यंत पोचवतो. लोखंड लोखंडावर फिरते असे आपल्याला वाटते, पण मध्ये ऑइलचा पातळ पापुद्रा असतो आणि सगळा भार तोच सोसतो. तो गेला की बेअरिंग खरवडते, तापते, शेवटी इंजिन धरते. त्याने दाब मोजायचा काटा लावून पाहिला. काटा जेमतेम जागचा हलला.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "विकायचीच आहे ना बुवा? जाड ऑइल भरा, दिवा विझेल. नाहीच विझला तर त्याची वायर काढून ठेवा."

आणि मी नातवाला म्हणालो, "गुरुजींनी विचारले तर सांगू. त्यांनी विचारलेच नाही, तर आपण होऊन कशाला सांगायचे?"

नातू काही बोलला नाही, नुसता पाहत राहिला. पाच वर्षांचा असल्यापासून तो टाळ घेऊन माझ्या मागे उभा राहिला आहे. महाभारताच्या शांतिपर्वातली जाजली आणि तुलाधाराची कथा त्याने माझ्या तोंडून तीस वेळा तरी ऐकली असेल. जाजली ऋषी इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले. पिले उडून गेली तेव्हा त्याला वाटले, धर्म मला साधला. आकाशवाणी झाली, काशीच्या तुलाधाराची सर तुला नाही. गेला, तर तो निघाला दुकानदार. तागडी सर्वांना सारखी धरणारा, एवढीच त्याची तपश्चर्या. खरे सांगतो, कीर्तनात मी घरट्यावर अर्धा तास रमत असे आणि तागडी दोन वाक्यांत उरकत असे. घरट्याला श्रोते डोलतात, तागडीला कोणी डोलत नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. मी माझी बाजू मांडून पाहिली. विकणाऱ्याने सगळेच सांगितले पाहिजे काय? सीट फाटली आहे, पत्रा गंजला आहे, हे घेणाऱ्याच्या डोळ्यांना दिसते. त्याचे डोळे त्याने वापरावेत, त्यात माझे मौन खोटे नाही. इथपर्यंत मला आजही पटते. पण पंप त्याला दिसत नाही. आणि प्रश्न विचारायलाही थोडी माहिती असावी लागते. ती माझ्याकडे होती, गुरुजींकडे नव्हती. मग "त्यांनी विचारले नाही" या वाक्यावर मी उभा होतो म्हणजे कशावर उभा होतो? त्यांच्या अज्ञानावर. वायर काढणे तर त्याहून वाईट. मी गप्प बसणे एक, आणि जो खरे सांगायला बसवला आहे त्याचे तोंड दाबणे दुसरे. धर्मराजाचा रथ जमिनीच्या चार बोटे वर चालत असे, तो अश्वत्थाम्याच्या अर्ध्या सत्याने खाली टेकला. तिथे निदान युद्ध चालले होते. माझ्यापुढे पैसे होते.

सकाळी म्हणालो, पंप बदलू. दोन दिवस लागले. जॅकवर भरवसा न ठेवता त्याने गाडी लोखंडी घोड्यांवर घेतली. जुने ऑइल डब्यात काढले, ते मातीत सांडू नये म्हणून खाली पत्रा घातला. या गाडीत पंप क्रँकच्या तोंडाशी, त्यामुळे पुली, टायमिंग बेल्ट आणि चेंबर सगळे उतरवावे लागले. मी ओट्यावर बसून पाने देत होतो, आणि बहुतेक वेळा चुकीचा देत होतो. जाळी काळ्या गाळाने बुजलेली, पंपाच्या चक्रांवर खोल ओरखडे. नवा पंप बसवण्याआधी त्याने त्यात ऑइल भरले, कोरडा पंप लवकर ओढत नाही म्हणे. मार्क जुळवून बेल्ट घातला, नवे पॅकिंग लावले, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळले. मग प्लगच्या वायरी काढून नुसता सेल्फ मारत राहिला. दिवा विझला. तेव्हा कुठे इंजिन सुरू केले.

आता तरी सांगायचे कशाला, असे सूनबाई म्हणाल्या. दोष होता तो गेला, वर नवा पंप आला. बोलणे चुकीचे नव्हते. पण चेंबर उघडे असताना नातवाने एक बेअरिंग काढून पाहिले होते, आणि त्यावर बारीक चरे होते. ते जुने की त्या चार किलोमीटरचे, कोण सांगणार? पंप बदलला, ते चार किलोमीटर कसे बदलणार?

गुरुजी आले तेव्हा सगळे सांगितले. पंप घरीच बसवला हेही सांगितले. ते म्हणाले, "बुवा, दिवा लागल्यावर गाडी किती चालवली?" माहिती हाती आल्याबरोबर त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, चार किलोमीटर, माझ्या सांगण्यावरून. विचार करतो म्हणून गेले. चार दिवस काही निरोप नाही. सूनबाई माझ्याशी नेमके बोलत होत्या, नातू मात्र मजेत होता. पाचव्या दिवशी आले, आठ हजार कमी दिले, आणि जुना पंप मागून घेतला. त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवायचा होता.

निघताना त्यांनी किल्ली फिरवली. दिवा लागलेला पाहिला. इंजिन सुरू केले, दिवा विझेपर्यंत थांबले, आणि मग गाडी फाटकाबाहेर काढली.